खलाटीच्या सुनेचं गाऱ्हाणं

चुलीतल्या निखाऱ्यावर सुके बोंबील भाजत होते, आणि नेमके त्याच वेळी दाजी शिगवण आमच्या पडवीत येऊन बसले. दाजी म्हणजे आमच्या फणसकोंडचे माजी सरपंच. सरपंचकी कधीच गेली होती, पण आजूबाजूच्या चार गावांत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. कुणाच्या घरी बोंबील भाजतायत हे दाजींना वाऱ्याच्या आधी कळतं, असं आम्ही बायका म्हणायचो. त्या दिवशी मात्र ते बोंबलांसाठी आले नव्हते. त्यांच्या हातात नारळ होता, आणि सोबत गावातली पाच-सहा वजनदार माणसं होती.

“सूनबाय, जरा भायेर ये,” दाजींनी हाक मारली.

मी राखेचे हात पदराला पुसत दारात उभी राहिले. माझे सासरे, आबा, पडवीच्या कोपऱ्यात सुंभ वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दाजींनी सांगितलं ते असं. पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या होत्या. बायकांना राखीव जागा मिळाल्या ते पहिलंच वर्ष, आणि आमच्या गणाची जागा नेमकी बायकांसाठी गेली होती. चार गावांनी बसून विचार केला होता आणि सगळ्यांच्या मते उमेदवार एकच होती. मी.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. इतकी वर्षं या गावात मला ‘खलाटीची सून’ म्हणत आले होते. नदीवर, लग्नात, भांडणात. आणि आता हेच लोक मला वलाटीच्या तर्फे उभं करायला आले होते.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे समुद्राला लागून जी पट्टी असते तिला खलाटी म्हणतात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत गेलेल्या गावांना वलाटी. मधलं अंतर एसटीने दोन-अडीच तासांचं, पण मनातलं बरंच जास्त. तालुक्याची कचेरी खलाटीत, हायस्कूल खलाटीत, डॉक्टर खलाटीत. निवडून येणारा माणूसही बहुतेक खलाटीचाच. वलाटीची माणसं म्हणायची, मतं आमची नि सडका त्यांच्या. खलाटीची माणसं म्हणायची, हे डोंगरातले, यांना बोलावं कसं तेही कळत नाही. मी नांदवेळ नावाच्या बंदरावर जन्मले आणि फणसकोंडच्या डोंगरात दिली गेले, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला तोंडपाठ होत्या.

आणि आता या सगळ्यावर धरण आलं होतं. फणसकोंडच्या नदीवर सरकारने छोटं धरण बांधलं, त्यात आमच्या लोकांची भाताची खाचरं बुडाली, कालवा काढून देऊ म्हणाले तो काही निघाला नाही. पाणी वैशाखापर्यंत नुसतं तुंबून असायचं. आणि त्यात नवीन योजना आली, की हेच पाणी नळाने खाली खलाटीच्या गावांना न्यायचं. आमच्या गावात कुणाला झोप येईना. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना थेंब नाही, आणि खालच्यांच्या घागरी मात्र भरायच्या.

“तू बंदराची लेक,” दाजी म्हणाले. “तितली निम्मी मतं तुज्याकडं बघून येतील. आणि वलाटीची तर तुलाच. एकदा समितीत आपली बाई बसली की त्या नळाच्या कागदावर सही व्हऊ द्यायची नाय.”

“आबा सांगतील तसं,” मी म्हटलं.

आबांनी सुंभाचा पीळ मांडीवर दाबून धरला. “तिला इच्यारा. उभं तिला राह्याचं हाय.”

खरं सांगते, मला आवडलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून भात किती शिजवू यापलीकडे मला कुणी काही विचारलं नव्हतं. आमचे हे मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. घरात मी, मुलं आणि आबा. आणि आज सहा माणसं नारळ घेऊन माझ्या दारात बसली होती. मी हो म्हटलं.

तेव्हा दाजींनी हातातला नारळ खाली ठेवला आणि खरं काय ते बाहेर काढलं.

“पण एक हाय. तू पडलीस खलाटीची. आमचा इस्वास हाय, पण गावात दहा तोंडं. तवा अर्ज भरायच्या आदी वाघजाईच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं. आणि ते तू घालायचं, तुज्या तोंडानं. धरणाचं पाणी खलाटीला जाऊ देणार नाय म्हणून.”

 आमच्या गावात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

गाऱ्हाणं म्हणजे देवीसमोर गावाने केलेली मागणी. एक मानकरी पुढे उभा राहतो, देवीकडे तोंड करून मोठ्याने एकेक गोष्ट मागतो, आणि प्रत्येक मागणीला मागे उभा असलेला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तसं म्हटलं की ती मागणी एकट्याची राहत नाही, गावाची होते, आणि गावाने देवीला दिलेला शब्द होतो. कोर्टातली शपथ आमची माणसं सहज मोडतील. वाघजाईसमोर दिलेलं व्हय मोडलेलं मी तरी पाहिलं नाही. फणसकोंडात गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे होता. आबांच्या वडिलांनंतर आबा. शिमगा असो, पेरणी असो, कुणाचं मूल आजारी असो, आबा पुढे आणि गाव मागे.

“बाईनं कसं घालायचं?” कुणीतरी म्हणालं.

“सरकारनं बाई उभी केली, तर देवीला काय अडचण?” दाजी म्हणाले. “आबा शिकवतील.”

आबांनी पुन्हा सुंभ वळायला घेतला आणि म्हणाले, “शिकवीन.”

जाताना दाजी बोंबील खाऊनच गेले.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. दर हिवाळ्यात भाताच्या कापणीनंतर मी आईला तांदळाची गोणी पोचवायची आणि येताना सुकी मासळी घेऊन यायची, तशीच. नांदवेळला उतरले तर आई घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, विहिरीवर असेल, दुसरीकडे कुठे असणार.

आई वाडीच्या टोकाच्या विहिरीवर काठाला टेकून बसली होती. संक्रांत सरली की आमच्या बंदरावरच्या विहिरी मचूळ व्हायला लागतात. समुद्र आत शिरतो, पाण्याला खारट, गढूळ चव येते. ही एक विहीर त्यातल्या त्यात बरी, पण तिचा झरा बारीक. एक कळशी भरली की पुन्हा पाणी साठेपर्यंत बायका काठावर बसून राहायच्या. लहानपणी मीही तशीच बसलेली आहे. तिथेच मी आणि कुंदा मयेकर सागरगोटे खेळायचो.

घरी आलो तर कुंदा अंगणात उभीच होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. त्याच जागेसाठी खलाटीच्या गावांनी तिला उभं केलं होतं.

“ये गो, उमेदवारीणबाई,” ती म्हणाली. हसली, पण बसली नाही.

मी म्हटलं, तू उभी राहिलीस तर मला आनंदच आहे, कुणीतरी एक येऊ.

“तसं नाही ते, शेवंते.” माझं माहेरचं नाव शेवंती. सासरी सुहासिनी झाले, पण बंदरावर ते नाव कुणाला माहीतही नाही. “तू वलाटीची झालीस ते ठीक. लग्न झालं की होतंच माणूस तिकडचं. पण आमचं पाणी तोडायला उभी राहशील असं वाटलं नव्हतं.”

“तुमचं पाणी? आमची खाचरं बुडाली त्या धरणात. आम्हाला कालवा देतो म्हणाले, कुठे आहे? सगळं तुमच्याकडेच आलेलं आहे, कचेरी, शाळा, डॉक्टर. आता पाणी पण तुम्हालाच?”

मी इतक्या जोरात बोलले की कोंबड्या उठल्या. कुंदा माझ्याकडे बघत राहिली.

“बघ. तुमचं-आमचं झालं की नाही?”

 माझ्याच आईच्या अंगणात उभी राहून मी तुम्ही-तुम्ही म्हणत होते, आणि ते तोंडातून सहज गेलं होतं.

आईने चहा आणला. मी पहिला घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. मचूळ पाण्याचा चहा. इतकी वर्षं डोंगरातलं पाणी पिऊन मी ती चव विसरून गेले होते. आईने माझं तोंड पाहिलं. कुंदानेही पाहिलं, पण ती शहाणी, तिने आपला कप निमूट संपवला आणि गेली. भांडायला मुद्दा आयता मिळाला असताना जी भांडत नाही, तीच खरी मैत्रीण, हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

संध्याकाळच्या गाडीने निघताना आईने मासळीची पिशवी बांधून दिली. वरचे बोंबील आबांसाठी, त्यांना आवडतात, असं सांगितलं. मग पिशवीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

“पाण्याचं तू मनावर घेऊ नकोस,” ती म्हणाली. “आमचं काय, आम्ही काढलेत दिवस. तुला तिथे नांदायचंय.”

तिने मला पाणी दे म्हटलं असतं तर मी तिच्याशीही भांडले असते. तिने ते म्हटलं नाही, म्हणून मी सबंध वाट खिडकीकडे तोंड करून रडत आले.

आबांनी मला गाऱ्हाणं शिकवायला घेतलं ते गोठ्यात. घरात मुलं हसतात म्हणून. ते गुरांना वैरण घालायचे, मी शेण काढायची, आणि ते एकेक ओळ सांगायचे. आधी देवीची आळवणी, मग गावाच्या सीमा, मग गुरंढोरं, लेकरंबाळं, मुंबईला गेलेली माणसं, माहेरवाशिणी. शेवटी ज्या कामासाठी गाऱ्हाणं आहे ते मागणं. आबांचं अक्षर म्हणजे अंगठा, पण बोलायला लागले की म्हैसही रवंथ थांबवून ऐकायची.

माझी चूक एकच व्हायची. मी घाईने बोलायची.

“थांब,” आबा म्हणायचे. “मागणं संपलं की श्वास घे. लोकांना व्हय म्हणायला जागा ठेव. तू जागा ठेवलीस की ते म्हणतातच, लहानपणापासनं म्हणत आलेत.”

आळवणी झाली, सीमा झाल्या, गुरं झाली. शेवटचं मागणं मात्र त्यांनी शिकवलंच नाही. मी विचारलं, आबा, दाजींनी सांगितलेलं ते कसं म्हणायचं?

आबा बैलाची पाठ चोळायला लागले.

“माजा बापूस सांगायचा, गाऱ्हाण्यात आपल्यासाटी कायबी मागावं. पण दुसऱ्याचं वायट मागू नये. मागितलं तर देवी पाठ फिरवते.”

“मग दाजींचं?”

“ते दाजींचं गाऱ्हाणं. मी तुला आपलं शिकवलं.”

“पण मी म्हणू काय, आबा?”

“तुला उभं राह्याचं हाय,” ते म्हणाले, आणि घमेलं उचलून बाहेर गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. इकडे आड तिकडे विहीर, आणि ज्याच्याकडे बघावं तो म्हातारा बैलाची पाठ चोळतोय. दाजींचं म्हटलं तर आईच्या घागरीत माती. नाही म्हटलं तर ज्या गावात नांदायचं, मुलं वाढवायची, त्या गावात तोंड काळं. उमेदवारी नको म्हणून सांगावं, तर इतकी वर्षं नसलेली किंमत आता कुठे मिळाली होती. तीही सोडवत नव्हती.

गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी चार गावांचे लोक वाघजाईच्या देवळात जमले. बायका एका बाजूला, पुरुष मधे. नेहमी सगळ्यांच्या पुढे असणारे आबा त्या दिवशी पहिल्यांदाच मागे, पुरुषांच्या घोळक्यात उभे होते. माझ्या हातात नारळ दिला. दाजी माझ्या डाव्या हाताला, जवळच. मी नवं लुगडं नेसले होते.

मी देवीकडे तोंड केलं. आता मला कुणी दिसत नव्हतं, नुसता मागून श्वासांचा आवाज.

“हे आई वाघजाई, डोंगराच्या आई, आज तुझी चार गावची लेकरं तुझ्या पायाशी गोळा झालीत.”

मी थांबले. श्वास घेतला.

“व्हय म्हाराजा,” सगळं देऊळ म्हणालं.

माझ्या अंगावर काटा आला. इतके लोक आपल्या शब्दाला हो म्हणतात, हे बायकांच्या जन्मात कुठे अनुभवायला मिळतं? मी पुढे म्हणत गेले. वरच्या शिवेपासून खालच्या शिवेपर्यंत राखण कर. व्हय म्हाराजा. गुरांना चारा दे, पेरलेलं उगवू दे. व्हय म्हाराजा. मुंबईला गेलेल्यांना सुखरूप ठेव, त्यांचं येणंजाणं सुखाचं कर. हे म्हाताऱ्यांनी जोरात म्हटलं. माझी घाई गेली होती. आबांनी शिकवलेल्या लयीत माझं मागणं आणि त्यांचं व्हय एकामागून एक येत होतं. मग मी माहेरवाशिणींवर आले. या गावातून दिलेल्या लेकी आणि या गावात आणलेल्या लेकी, त्यांच्या दोन्ही घरी दिवा लागू दे.

“व्हय म्हाराजा.”

इथे दाजींचं मागणं यायचं होतं. ते किंचित पुढे सरकले. शपथ घेऊन सांगते, त्या क्षणापर्यंत मी काही ठरवलेलं नव्हतं. ओठांवर दाजींचेच शब्द होते. पण दोन्ही घरी दिवा लागू दे म्हटल्यावर पुढचं तोंडातून येईना.

“आई, तुझ्या धरणाच्या पाण्याने आधी तुझ्या लेकरांची बुडालेली शेतं भिजू देत. कालवा आमचा आम्हाला मिळू दे.”

“व्हय म्हाराजा!” हे तर देऊळ दणाणून गेलं.

“आणि आमचं भिजून जे उरेल, ते खाली खलाटीच्या तहानेल्या लेकरांना मिळू दे.”

मी थांबले. जागा ठेवली.

आणि मागून एक आवाज आला, मोठा, स्वच्छ, माझ्या रोजच्या ओळखीचा. “व्हय म्हाराजा.”

तो आबांचा होता. आणि त्यांच्या मागोमाग, आवाज सुरू झाला म्हणून, लय चालू होती म्हणून, जन्मभर म्हणत आले म्हणून, सगळ्या गावाने म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते.

आधी कुणीतरी म्हातारं हसलं. मग कुजबुज झाली, मग ओरडा. दाजींचा चेहरा लाल झाला होता. खलाटीची ती शेवटी खलाटीचीच, असं कुणीतरी म्हणालं, आणि बायकांच्या बाजूनेही दोघींनी माना हलवल्या. बाईने घातलेलं गाऱ्हाणं धरायचं नाही, असंही एकाने काढलं. आबा लोकांमधून वाट काढत पुढे आले. माझ्या हातातला नारळ त्यांनी घेतला आणि देवीपुढे फोडला.

“मागणारीनं मागितलं,” ते म्हणाले. “देवीनं काय मागू नको म्हणून सांगितलं न्हवतं. व्हय आपण म्हटलं. दोष असंल तर व्हय म्हणणाऱ्याचा.”

“पैलं तुमी म्हणालात, आबा,” दाजी ओरडले. “तुमी म्हणालात म्हणून लोक म्हणाले.”

आबांनी मान खाली घातली. मी त्यांना कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

“म्हातारी जीभ, दाजी. सवयीनं गेली.”

त्या दिवशी माझी उमेदवारी संपली. दाजींनी आपल्या वहिनींना उभं केलं. कुंदा निवडून आली. माझ्याशी नदीवर महिनाभर कुणी बोललं नाही, मग हळूहळू बोलायला लागले, कारण नदीवर न बोलता कपडे धुणं बायकांना जमत नाही. पण आबांना गावाने सोडलं नाही. शिमग्याच्या आधी बैठक बसली. जीभ ताब्यात राहत नाही त्या म्हाताऱ्याने गावाचं गाऱ्हाणं घालायचं नाही, असं ठरलं. बापाकडून आलेला मान गेला. पालखीच्या दिवशी नारळ दाजींच्या चुलतभावाच्या हातात होता. तो अडखळत होता, आळवणी आणि सीमा उलटसुलट करत होता. आबा सगळ्यांच्या मागे, खांबाजवळ उभे होते. मी बायकांतून बघत होते आणि मला वाटत होतं, माझ्यामुळे झालं. म्हाताऱ्याची जीभ चुकली खरी, पण चुकायला मी लावली.

आबा त्यावर कधी बोलले नाहीत. मीही काढलं नाही. दुखऱ्या दाताला जीभ लावू नये तसं.

नळाचं काम सुरू झालं तेव्हा दाजींनी चर खणणाऱ्यांना अडवायला गाव बोलावला. कुणी आलं नाही. घराघरात एकच उत्तर, देवीपुढे व्हय म्हणून बसलोय. एक म्हातारी तर म्हणाली, माजी सून गरवार हाय, मी येत नाय बाबा. गाऱ्हाण्याची बातमी बंदरावरही पोचली होती, आणि कुंदानेही शब्द राखला, जो तिने दिलेलाही नव्हता. समितीत उभी राहून तिने सांगितलं, आधी फणसकोंडचा कालवा, मग आमचा नळ. खलाटीच्या लोकांनी तिला घरभेदी म्हटलं. मी ते ऐकलं तेव्हा हसू आलं आणि भरूनही आलं. आता आम्ही दोघी सारख्या झालो होतो.

कालव्याचं पाणी खाचरात आलं. पुढल्या वर्षी नांदवेळला नळ आला.

त्या दिवशी मी आबांना घेऊन माहेरी गेले. बंदरावर मांडव होता, मोठी माणसं आली होती. खलाटीने या पाण्यासाठी कसा लढा दिला यावर भाषणं झाली. फणसकोंडचं नाव कुणी घेतलं नाही. मला बसवेना. मी उठायला लागले तर आबांनी माझा हात धरून खाली बसवलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पाणी आलं ना.”

आईच्या घरी चहा झाला. त्या दिवशी तो नुसता चहासारखा लागला. आईने आबांच्या पुढ्यात नळाचं ताजं पाणी भरलेला तांब्या ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत निघून गेली. आबांनी सबंध तांब्या संपवला. त्यांना तहान नव्हती, मला माहीत होतं.

परतीच्या गाडीला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. समोर बंदर, वाळत घातलेली जाळी. इतकी वर्षं मी गप्प बसले होते, पण त्या दिवशी मला गप्प राहवेना. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, “आबा, मान गेला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी तुमची जीभ सवयीनं गेली, म्हणून हे पाणी आलं.”

आबा माझ्याकडे बघून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“तुला पण तसंच वाटतं व्हय?”

“म्हणजे?”

“बापूस होता तवा मी त्याच्या बाजूला नारळ धरून उभा असायचा, तोंड मिटून. तो गेला, मग मीच पुढं. मागणारा मी, व्हय म्हणणारा गाव.” त्यांनी डोळे पुसले. “सूनबाय, मला व्हय म्हणायची सवय कुठनं लागणार? मी जल्मात कुणाच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं न्हवतं.”

गाडीचा आवाज आला तसे ते उठले आणि माझी पिशवी हातात घेतली.

“पैलं म्हटलं ते तुज्या गाऱ्हाण्याला.”